बरोबरची खूण

जून महिन्यात नातीच्या वह्यांना कव्हरं घालायचं काम आमच्या घरात माझ्याकडे असतं. निवृत्त माणसाला घरात दोनतीनच मानाची कामं उरतात. दूध तापवणं, विजेचं बिल वेळेवर भरणं आणि हे. खाकी कागद, कात्री आणि डिंकाची बाटली घेऊन बसलो होतो, तेवढ्यात नात शेजारी येऊन बसली आणि तिनं एका वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर बोट ठेवलं. कोपऱ्यात नखाएवढं चित्र छापलेलं होतं. गणिताच्या बाई देतात तशी बरोबरची खूण, आणि ती खूणच पुढे वळत जाऊन झाडाचा आकार घेते. या झाडाला कोणी बरोबर दिलंय, असं तिनं विचारलं. आणि मग चुकलेलं झाड कसं असतं, असंही विचारलं. मी कात्री खाली ठेवली.

बरोबरची खूण हा माझा चौतीस वर्षांचा धंदा होता. बँकेत तिला आम्ही टिक म्हणायचो. व्हाउचर हातात घ्यायचं, लेजरमधली नोंद बघायची, जुळली की लाल शाईनं टिक मारायची. बाहेरच्या माणसाला वाटतं, टिक म्हणजे सगळं ठीक. आतल्याला माहीत असतं की टिकेचा अर्थ फार तर एवढाच, की एका कागदावरचा आकडा दुसऱ्या कागदावरच्या आकड्याशी जुळला. तिजोरीत पैसे आहेत की नाहीत, ही गोष्ट वेगळी.

हे मी शिकलो ते गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, नोकरीच्या चौथ्या वर्षी. शाखा म्हणजे दोन खोल्या, भोवती सागवान आणि बांबू. एका लाकूड व्यापाऱ्याला आम्ही लाकडाच्या साठ्यावर कर्ज दिलं होतं. दर महिन्याला तो साठ्याचं पत्रक आणून द्यायचा आणि मी जागेवर जाऊन ओंडके मोजून टिक मारायची, असा नियम. एका पावसाळी दुपारी मी मोटारसायकलवरून उतरलो, समोर रचलेली ओंडक्यांची थप्पी बघितली, रांगा गुणिले उंची असा हिशेब केला आणि टिक मारून चहा पिऊन परत आलो. थप्पीच्या मागच्या बाजूला गेलो नाही. मागे काही नव्हतंच. ओंडक्यांची एकच रांग दर्शनी उभी होती, बाकी माल केव्हाच विकला गेला होता. मेमो मला मिळाला आणि तो योग्यच होता.

म्हणून त्या झाडाच्या खुणेनं मी जरा अस्वस्थ झालो. ही खूण कुणाची, तिच्यामागे कोण मोजायला जातं, हे शोधायला बसलो आणि शोधता शोधता ब्राझीलमधल्या एका रबर गोळा करणाऱ्या माणसापाशी जाऊन पोहोचलो. त्या माणसानं ही खूण कधी पाहिली नाही. ती जन्माला यायच्या पाच वर्षं आधी त्याला गोळी घातली गेली. पण ज्या जंगलात तो वाढला, त्याच जंगलातल्या लाकडावर पुढे ही खूण उमटली. ती उमटावी की नाही, यावरून त्याच्याच सोबत्यांमध्ये भांडण झालं.

त्याचं नाव शिको मेंडिस. इंग्रजी अक्षरं वाचून आपण त्याला चिको म्हणतो, पण त्याच्या पोर्तुगीज भाषेत तो शिको. पाळण्यातलं नाव फ्रान्सिस्को आल्व्हेस मेंडिस फिल्यो. जन्म १५ डिसेंबर १९४४ चा. ब्राझीलच्या पश्चिम टोकाला, बोलिव्हियाच्या सरहद्दीला लागून आक्रे नावाचा प्रांत आहे, तिथल्या शापुरी या लहानशा गावाजवळच्या एका रबर-इस्टेटीवर तो जन्मला. इस्टेट म्हटल्यावर केरळातल्यासारखी रबराच्या झाडांची शिस्तीत उभी राहिलेली पलटण डोळ्यांसमोर आणू नये. अमेझॉनचं रबराचं झाड मूळचं जंगलातलं, तेही विखुरलेलं. एकरभर जंगल तुडवावं तेव्हा कुठे एखादं सापडावं. तिथे ती झाडं जवळजवळ लावली की पानांवर एक बुरशीचा रोग येतो आणि सगळी बाग झोपते. मोटारवाल्या हेन्री फोर्डनं कोट्यवधी डॉलर ओतून हा अनुभव घेतला. उलट १८७६ साली हेन्री विकम नावाच्या इंग्रजानं त्याच झाडाचं सुमारे ७० हजार बी लंडनच्या क्यू बागेत नेलं आणि तिथली रोपं सिलोन आणि मलायात गेली. तिथे हा रोग नव्हता. मळे फोफावले आणि १९१० नंतर काही वर्षांतच ब्राझीलचा रबराचा व्यापार बसला. मोठे सावकार निघून गेले. जंगलातली माणसं तिथेच राहिली, कारण त्यांना परत जायला पैसे नव्हते.

शिकोचं घराणं मूळचं सियाराचं, म्हणजे ब्राझीलच्या ईशान्येकडच्या दुष्काळी मुलखातलं. आपल्याकडे माणदेशातून माणसं गिरणीत आली, तशी तिकडून माणसं रबराच्या जंगलात गेली. सतरा भावंडं झाली, जगली सहा. वयाच्या नवव्या वर्षी शिको बापाबरोबर कामाला लागला. पहाटे अंधारात उठायचं, कपाळावर पोरोंगा नावाचा पत्र्याचा दिवा बांधायचा आणि पायवाटेनं निघायचं. ही पायवाट झाडाझाडाला भेटत, वळणं घेत पुन्हा झोपडीपाशी येते. एका वाटेवर शंभर ते दोनशे झाडं. प्रत्येक झाडाच्या सालीवर वाकड्या सुरीनं तिरपी रेघ मारायची. रेघ उथळ पडली तर चीक येत नाही आणि खोल गेली तर झाड मरतं. खाली वाटी अडकवायची. दुपारी पुन्हा तीच वाट, वाट्या रिकाम्या करायच्या. संध्याकाळी तो चीक धुरावर धरलेल्या काठीवर थराथरानं ओतून रबराचा गोळा करायचा. पावसाळ्यात रबर थांबतं, तेव्हा ब्राझील नट गोळा करायचे. एका कुटुंबाच्या वाट्याला साधारण ३०० हेक्टर जंगल येतं आणि ते पिढ्यानपिढ्या जंगलच राहतं. हेक्टरमागे एकदोन झाडांच्या सालीवर ओरखडे, एवढाच त्यांचा जंगलाला उपसर्ग.

माझ्यासारख्या माणसाला यातला सर्वांत ओळखीचा भाग म्हणजे खातं. इस्टेटीच्या मालकाचं दुकान असायचं. मीठ, रॉकेल, काडतुसं, कापड, सुरी, सगळं तिथूनच उधार घ्यायचं आणि रबर तिथेच घालायचं. दोन्हीकडचे भाव मालकाचे, काटा मालकाचा आणि वहीही मालकाची. दुसऱ्याला रबर विकलं तर हकालपट्टी. अनेक ठिकाणी भाजीपाला पिकवायलाही मनाई होती, कारण मग दुकानातला खप कमी झाला असता. खात्याची सुरुवातच नावे बाजूनं व्हायची आणि खातेदार मेला तरी ती बाकी जमेत येत नसे. इस्टेटींवर शाळा नव्हत्या. नव्हत्या म्हणजे काढायला विसरले असं नाही. वाचता येणारा खातेदार वही बघायला मागतो, एवढं मालकाला कळत होतं.

अंगठा उठवणाऱ्या खातेदारांसमोर मी आयुष्य घालवलं आहे. तेंदूपत्त्याच्या हंगामानंतर आमच्या शाखेत माडिया बायका पैसे ठेवायला यायच्या. फळीवर पुडे किती मोजले गेले आणि हातात किती पडले, याचा हिशेब त्यांना तोंडपाठ असायचा. तो कागदाशी जुळत नसे. कागद खरा आणि बाई खोटी, हे गृहीत धरूनच काउंटरच्या अलीकडे काम चाले. मीही तसंच केलं आहे.

शिकोच्या आयुष्याला वळण लागलं ते एका फरारी माणसामुळे. साल १९६२ च्या सुमाराचं, शिको सतरा-अठरा वर्षांचा. युक्लिडीस तावोरा नावाचा एक उंचापुरा, सुशिक्षित गृहस्थ जंगलात रबर गोळा करत राहत होता. हा १९३५ च्या कम्युनिस्ट उठावातला माणूस. तुरुंगातून निसटून बोलिव्हियामार्गे या आडरानात येऊन लपलेला. शिको दर आठवड्याला तीन तास चालत त्याच्या झोपडीत जायचा. पाठ्यपुस्तक नव्हतंच. महिन्या-दोन महिन्यांपूर्वीची वर्तमानपत्रं हेच पुस्तक. त्यातून अक्षरं, अक्षरांतून बातम्या आणि बातम्यांतून वाद. पुढे रेडिओ आला. रात्री गुरू-शिष्य मॉस्को, लंडन आणि अमेरिका अशा तिन्ही ठिकाणची पोर्तुगीज बातमीपत्रं ऐकत आणि एकच घटना तीन तऱ्हांनी कशी सांगितली जाते ते पडताळून बघत. लेखापरीक्षणाचा याहून चांगला वर्ग मला ठाऊक नाही. १९६४ मध्ये ब्राझीलमध्ये लष्करानं सत्ता घेतली आणि वर्षाभरानं तावोरा उपचारासाठी म्हणून जो गेला, तो परत दिसला नाही. जाण्याआधी त्यानं शिष्याला एवढं सांगून ठेवलं होतं, की कधी ना कधी इथे कामगार संघटना येईल. ती सरकारी असो, मिळमिळीत असो, तीत शिरायचं.

ती यायला दहा वर्षं लागली. मधल्या काळात लष्करी सरकारनं अमेझॉनच्या विकासाचा धडाका लावला होता. रस्ते आले, करसवलती आल्या आणि दक्षिणेकडचे धनिक आक्रेमध्ये गुरांसाठी जमिनी घेऊ लागले. कर्जात बुडालेल्या जुन्या इस्टेटवाल्यांनी कागद विकले. कागदावर जमीन होती. जमिनीवर राहणारी माणसं कागदावर नव्हती. झोपड्या जळू लागल्या आणि कोरड्या ऋतूत जंगल पेटवलं जाऊ लागलं. राखेत गवत पेरायचं, गुरं सोडायची. पाचसात वर्षांत गवत विरळ होतं, जमीन दगडासारखी घट्ट होते आणि गुरं पुढच्या जंगलाकडे सरकतात. ब्राझील नटाचं झाड तोडायला कायद्यानं बंदी आहे, म्हणून कुरणात ती एकएकटी उभी ठेवतात. पण त्या फुलांचं परागीकरण करणाऱ्या मोठ्या मधमाश्या जंगलात राहतात. जंगल गेलं की माश्या जातात आणि मग ते दीडशे फुटी झाड वांझ उभं राहतं. कायद्याचं पालन झालेलं असतं.

१९७५ साली ब्रासिलेया या गावात चर्चच्या पाद्र्यांच्या आधारानं शेतमजुरांची संघटना स्थापन झाली. शिको धावत गेला आणि चिटणीस झाला. अध्यक्ष विल्सन पिन्येरो हा शांत आणि धिप्पाड माणूस होता. १९७६ मध्ये त्यांनी पहिला एम्पाते केला. या शब्दाचा अर्थ अडवणूक किंवा बरोबरी. करवती घेतलेल्या मजुरांच्या तळावर शंभर-दीडशे माणसं चालत जायची, पुढे बायका आणि मुलं. मजुरांना समजवायचं की तुम्हीही आमच्यासारखेच. करवती खाली ठेवायला लावायच्या, झोपड्या मोडायच्या. सैनिक आले की राष्ट्रगीत म्हणायचं, म्हणजे बंदूक उगारलेल्या सैनिकालाही ताठ उभं राहावं लागतं. हिमालयात बायका झाडांना मिठ्या मारत होत्या, त्याच दशकातली ही गोष्ट. दोघींना एकमेकींची वार्ता नव्हती.

शिकोनं या लढ्यांचाही हिशेब ठेवला होता. त्याच्या मोजणीप्रमाणे बारा वर्षांत ४५ एम्पाते झाले, ३० हरले, १५ जिंकले. दोन हरावे तेव्हा एक जिंकावा. आमच्याकडे कोणी असा ताळेबंद आणला असता तर आम्ही त्याचं खातं गोठवलं असतं. पण त्या पंधरांमधून लाखो हेक्टर जंगल उभं राहिलं.

२१ जुलै १९८० च्या रात्री पिन्येरोला संघटनेच्या कचेरीतच गोळी घातली गेली. त्या रात्री शिको परगावी होता, म्हणून वाचला. मग राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली त्याच्यावरच खटला झाला. सहआरोपींमध्ये लुला नावाचा एक लोखंडकामगार पुढारी होता, जो पुढे देशाचा अध्यक्ष झाला. दोघेही सुटले. विधानसभेच्या निवडणुका मात्र शिको दोनदा हरला. त्या प्रांतात त्याला ओळखणारे बहुतेक लोक मतपत्रिका वाचू शकत नव्हते. म्हणून त्यानं आणि मेरी अलेग्रेटी या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी जंगलात शाळा काढल्या. पहिल्या पुस्तकाचं नाव पोरोंगा, म्हणजे तोच कपाळावरचा दिवा.

ऑक्टोबर १९८५ मध्ये देशभरचे शंभरावर रबर कामगार राजधानी ब्राझिलियात जमले आणि तिथे एक कल्पना निघाली, जी मला तरी अतिशय शहाणपणाची वाटते. रबर कामगारांनी जमिनीचे तुकडे मागितले नाहीत. जमीन सरकारच्या मालकीची राहावी, वापराचा हक्क तिथे राहणाऱ्यांचा, कायमचा. पण विकायचा नाही, गहाण टाकायचा नाही. ज्याला आपण जंगलातली वनोपज म्हणतो, ती काढावी आणि जंगल राखावं. याचं नाव उपज-राखीव क्षेत्र. गहाण टाकता न येणारी मालमत्ता हे बँकवाल्याला पाप वाटतं. माझ्या नोकरीत मी जितक्या जमिनी गहाणातून लिलावात गेलेल्या पाहिल्या, त्या आठवल्या की हे पाप मला पुण्य वाटू लागतं.

आणि आता ती गोष्ट, जी मी बँकेतल्या जुन्या मित्रांना हमखास सांगतो. आक्रेपर्यंतचा मोठा रस्ता पक्का करायला आंतर-अमेरिकन विकास बँकेनं कर्ज मंजूर केलं होतं. शेजारच्या रोंदोनिया प्रांतात जागतिक बँकेच्या पैशानं असाच रस्ता झाला होता आणि त्याच्या दोन्ही अंगांनी जंगल माशाच्या काट्यासारखं कापलं गेलं होतं. मार्च १९८७ मध्ये त्या विकास बँकेची वार्षिक सभा मायामीत भरली. काही परदेशी कार्यकर्त्यांच्या मदतीनं शिको तिथे पोहोचला. मागून आणलेला सूट, इंग्रजीचा गंध नाही, भोवती अर्थमंत्री. तो कॉरिडॉरमध्ये एकेका संचालकाला गाठून शांतपणे सांगत राहिला की रस्त्याला आमचा विरोध नाही, पण कर्जाच्या करारात जंगल आणि त्यातल्या माणसांच्या रक्षणाच्या ज्या अटी आहेत, त्यांतली एकही पाळली गेलेली नाही. तिथून तो वॉशिंग्टनला गेला, सिनेटरांना भेटला. त्याच वर्षात बँकेनं कर्जाचे हप्ते रोखले. अटी पाळल्या नाहीत तर वितरण थांबवावं, हे प्रत्येक मंजुरीपत्रात छापलेलं असतं. मी हजारो मंजुरीपत्रांवर सही केली. ज्याच्या भल्यासाठी कर्ज दिलंय तोच माणूस काउंटरपाशी येऊन पुढचा हप्ता थांबवा म्हणतोय, आणि बँक ऐकतेय, असं मात्र एकदाही पाहिलं नाही.

त्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा ग्लोबल ५०० पुरस्कार त्याला मिळाला. बाहेर मान आणि घरी वैर, अशी त्याची स्थिती झाली. आक्रेतले व्यापारी म्हणू लागले की यानं प्रांताचा रस्ता अडवला.

१९८८ च्या आरंभी दार्ली आल्व्हेस नावाच्या पशुमालकानं काशोएरा या इस्टेटीच्या एका भागावर हक्क सांगितला. काशोएरा म्हणजे शिकोच्या आप्तांचं जंगल, जिथे त्यानं स्वतः कितीतरी वर्षं झाडं चिरली होती. लोकांनी वाट अडवली आणि महिनोन् महिने अडवून धरली. शेवटी सरकारनं काशोएरा ताब्यात घेऊन रबर कामगारांसाठी राखलं. दार्ली हरला. शिवाय दूरच्या पराना प्रांतातलं एका जुन्या खुनाचं वॉरंट शिकोनं शोधून काढलं आणि ते दार्लीवर बजावावं म्हणून पोलिसांच्या मागे लागला. पोलीस सावकाश होते. दार्ली नाहीसा झाला. संघटनेचा आणखी एक कार्यकर्ता मारला गेला. शिकोनं अधिकाऱ्यांना पत्रं लिहिली, मारेकऱ्यांची नावं घालून. त्याला दोन पोलिसांचं संरक्षण मिळालं.

२२ डिसेंबर १९८८. चव्वेचाळिसावा वाढदिवस होऊन एक आठवडा झाला होता. नाताळासाठी तो शापुरीत घरी आला होता. घर म्हणजे चार लहान खोल्यांचं लाकडी खोपटं, न्हाणीघर मागच्या अंगणात. संध्याकाळी तो स्वयंपाकघरात त्या दोन पोलिसांबरोबर डॉमिनो खेळत बसला. बायकोनं, इल्झामारनं, जेवायला वाढते म्हणून सांगितलं. उकाडा होता. आधी अंघोळ करून येतो म्हणून तो टॉवेल खांद्यावर टाकून उठला आणि त्यानं मागचं दार उघडलं. झुडपांतून बंदुकीचा बार आला. घरात चार वर्षांची मुलगी आणि दोन वर्षांचा मुलगा होता. गोळी घालणारा दार्लीचा मुलगा दार्सी. बापलेकांना डिसेंबर १९९० मध्ये एकोणीस वर्षांची शिक्षा झाली. १९९३ मध्ये दोघे तुरुंगातून पळाले आणि १९९६ मध्ये पुन्हा पकडले गेले.

मार्च १९९० मध्ये ब्राझील सरकारनं शिको मेंडिस उपज-राखीव क्षेत्र जाहीर केलं. सुमारे ९ लाख ७० हजार हेक्टर, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहून मोठं.

आता ती खूण. १९८० च्या दशकाअखेरीस युरोपात उष्ण कटिबंधातल्या लाकडावर बहिष्कार टाकायची हाक उठली. बहिष्कारानं एक अडचण झाली. उभ्या जंगलाला किंमत उरली नाही की ते जाळून कुरण करणं अधिक सोपं होतं. १९९२ च्या रिओ परिषदेत जंगलांविषयी बंधनकारक करार झाला नाही. तेव्हा १९९३ मध्ये टोरांटोत पर्यावरणवाले, लाकूडवाले आणि आदिवासी प्रतिनिधी यांनी एकत्र येऊन फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल काढलं. त्रयस्थ परीक्षक जंगलात जाऊन बघणार, नियमानुसार तोड असेल तर पाच वर्षांचं प्रमाणपत्र, दरवर्षी तपासणी आणि ओंडक्यापासून दुकानापर्यंत प्रत्येक टप्प्याला कागद. नातीच्या वहीवरची खूण ती हीच.

काशोएरातल्या लोकांनी ही खूण २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत घेतली. कारण सरळ होतं. मळ्यातल्या आणि कारखान्यातल्या रबरापुढे जंगली रबराचा भाव कोसळला होता. १९९९ मध्ये आक्रेचा गव्हर्नर झालेला जॉर्ज व्हियाना हा शिकोच्या गोटातला आणि शिक्षणानं वनअभियंता. त्याच्या सरकारनं धीर दिला. पद्धत अशी. आधी जंगलातलं प्रत्येक मोठं झाड मोजायचं, क्रमांक घालायचा, नकाशा करायचा. ठराविक घेरावरचीच झाडं निवडायची, बियाण्याची राखायची, ओढ्याकाठची सोडायची. तोडीआधी वेली कापायच्या, नाहीतर एक झाड पडताना वेलींनी बांधलेली शेजारची चार ओढतं. झाड कुठल्या दिशेला पडेल ते ठरवून करवत लावायची. हेक्टरी थोडकं लाकूड काढायचं आणि त्या तुकड्याला अनेक वर्षं विश्रांती द्यायची. ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं, ते सांगतात की दोनतीन वर्षांनी तोड कुठे झाली हे शोधावं लागतं.

पण शिकोचे काही जुने सोबती खवळले. ज्या करवतीपुढे छाती काढून उभे राहिलो, तीच करवत त्याच्या नावाच्या जंगलात, तीही प्रमाणपत्रासह, हे त्यांना सहन होईना. शिवाय लाकडाचा नफा जंगलातल्या घरापर्यंत किती पोहोचतो, हाही प्रश्न होता. त्यांचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. काशोएरावाल्यांचंही वाटत नाही. पर्याय जंगल की करवत असा राहिलाच नव्हता, तो करवत की गाय असा झाला होता. गाय हे चालतंबोलतं बचत खातं आहे. आजारपण आलं, एक विका. ती स्वतःच्या पायांनी रस्त्यापर्यंत जाते, तिला परीक्षक लागत नाही, परवाना लागत नाही. राखीव क्षेत्रात घरटी दहा टक्क्यांहून जास्त जागा मोकळी करायची नाही असा नियम आहे, तरी शिकोच्या नावाच्या त्या क्षेत्रात कुरणं वाढत गेली आहेत आणि ते देशातल्या सर्वाधिक तोड झालेल्या उपज-राखीव क्षेत्रांपैकी एक झालं आहे. शिकोच्या संघटनेतली एक तरुण मुलगी, मारिना सिल्वा, २००३ मध्ये पर्यावरणमंत्री झाली आणि २०२३ मध्ये पुन्हा. तिलाही हे कोडं सोपं गेलेलं नाही.

मग या खुणेनं जंगलाचं भलं होतं का? अभ्यास वाचले, ते आपापसांत जुळत नाहीत. मेक्सिकोतल्या २०१८ च्या अभ्यासात जंगलतोड कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. इंडोनेशियातल्या बोर्निओत मिळाला. आफ्रिकेत गॅबन आणि काँगोमध्ये सात प्रमाणित आणि सात अप्रमाणित तोडक्षेत्रांत कॅमेरे लावले होते. सुमारे १३ लाख छायाचित्रं तपासल्यावर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की प्रमाणित जंगलात हत्ती, गोरिला असे मोठे प्राणी बरेच जास्त दिसतात. कारण खुणेत जादू आहे असं नाही. तिथे जुने लाकूडरस्ते बंद केले जातात, नाक्यावर गाड्या तपासतात आणि मजुरांना दुसरं मांस पुरवतात, म्हणून शिकार घटते. मात्र जगातलं प्रमाणित जंगल बहुतांश युरोप आणि उत्तर अमेरिकेतच आहे. गरीब देशांच्या वाट्याला थोडकं, कारण परीक्षकाची फी, नकाशे, कागद यांचा खर्च लहान गावाला झेपत नाही. कर्ज ज्याला हवं त्याच्याकडे तारण नसतं, त्यातलाच प्रकार.

आणि हे वाचताना मला एका ठिकाणी थांबावं लागलं. भारतात या कौन्सिलचं वनव्यवस्थापन प्रमाणपत्र सर्वप्रथम मिळवणारा विभाग होता आपला भामरागड. मी ज्या रस्त्यानं मोटारसायकल हाकत होतो, त्याच्या पलीकडचं जंगल. पुढे मध्य प्रदेश आणि त्रिपुरानंही घेतलं. नूतनीकरण न झाल्यानं ही सगळी प्रमाणपत्रं संपून गेली. २०२३ च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारनं स्वतःची प्रमाणन योजना जाहीर केली. त्याच जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, आणि बांबू विकायचा पास ग्रामसभेच्या हाती आला तो २०११ मध्ये. तिथे वही ग्रामसभेची आहे.

कव्हर घालून झालं. खाकी कागदाखाली ती खूण झाकली जाणार हे नातीच्या लक्षात आलं आणि तिनं हट्ट धरला. मग मी कात्रीनं कागदाला त्या कोपऱ्यात एक चौकोनी खिडकी कापली. भिंग लावून बघितलं तर झाडाखाली आणखी बारीक अक्षरं होती, मिश्र. म्हणजे या वहीतला थोडा कागद प्रमाणित जंगलातला आणि थोडा दुसरीकडचा. कुठली पानं कुठली, हे तिनं विचारलं आणि एकेक पान उजेडात धरून बघू लागली.